रूळ पाहून इंजिन

दिवाळीच्या खरेदीत पूर्वी घरातल्या कर्त्या माणसाला फारसे डोके चालवावे लागत नसे. कापडचोपड, फराळाचे सामान, उटणे, फटाके, आणि जावई नवा असेल तर त्याच्यासाठी काहीतरी. एवढी यादी झाली की बोनस संपे आणि विचारही संपे. अलीकडे या यादीच्या तळाशी एक ओळ वाढू लागली आहे. मुलगा किंवा मुलगी बारावी होऊन पुढच्या शिक्षणाला लागलेली असते, पहिले सत्र निम्मे उलटलेले असते, आणि मैत्रिणीचा उसना आणलेला लॅपटॉप मैत्रिणीने परत मागितलेला असतो. मग ठरते, या दिवाळीत घ्यायचाच. तो घ्यायचा ठरला की घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, हलका, सडपातळ, रोजच्या कामापुरता घ्या. दुसरा म्हणतो, घ्यायचाच तर गेमिंगचा घ्या. पैसे एकदाच जातील, पण वस्तू दणकट येईल.

या दुसऱ्या पक्षाचे पुढारीपण बहुधा घरातल्या धाकट्या चिरंजीवांकडे असते, आणि त्यांचा अभ्यास दांडगा असतो. शाळेच्या पुस्तकाशी ज्यांचे कधी जमले नाही, ते या विषयात मात्र कोणत्या यंत्रात कोणती चकती, कोणता पंखा आणि कोणते ग्राफिक्स आहे हे घडाघडा म्हणून दाखवतात. वडील थक्क होतात. पोराला इतके कळते हे पाहून त्यांना अर्धा निकाल तिथेच द्यावासा वाटतो.

धाराशिवातल्या एका घरचा हा वाद मला जवळून माहीत आहे. गृहस्थ सरकारी कचेरीत. थोरली मुलगी पुण्याला संगणक अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात, वसतिगृहात राहणारी. मुलगा दहावीत. लॅपटॉपसाठी गृहस्थांनी नोकरदारांच्या सोसायटीतून ८० हजारांचे कर्ज काढले. ते दरमहा पगारातून कापले जाणार. मुलाने चार-पाच गेमिंग यंत्रांची नावे कागदावर उतरवून दिली होती. "अण्णा, ताईला कोडिंगला पण हेच लागतं," हे वाक्य त्याने इतक्या वेळा म्हटले की, ते सर्वांना पटल्यासारखे झाले. ताईने फोनवरून एकच प्रश्न विचारला, "त्याचं वजन किती आहे?" त्याचे उत्तर कोणी दिले नाही. यंत्र तिच्या शिक्षणासाठी, कर्ज तिच्या शिक्षणासाठी, आणि निवड मात्र निराळ्याच कारणाने होऊ घातलेली. असे हे एकाच घरात होत नाही, म्हणून आज जरा विस्ताराने लिहितो.

दोन यंत्रांतला फरक चिरंजीव सांगतात तसा नावांत नाही, वॅटमध्ये आहे. विजेचा दिवा घेताना आपण वॅट विचारतो, इस्त्री घेताना विचारतो, लॅपटॉप घेताना मात्र विसरतो. रोजच्या कामाचा सडपातळ लॅपटॉप लिहिणे, वाचणे, व्याख्यान पाहणे यांसाठी सहा ते दहा-बारा वॅट खातो. काम जड झाले तरी तीस-चाळीसच्या आसपास. म्हणून त्याचा चार्जर ४५ किंवा ६५ वॅटचा पुरतो. गेमिंग यंत्रात मुख्य प्रोसेसर वेगळा आणि चित्रे रंगवणारा ग्राफिक्स प्रोसेसर वेगळा, असे दोन खाणारे असतात. दोघे एकदम जेवायला बसले की दीडशे-दोनशे वॅट लागतात. चार्जर १८० ते २४० वॅटचा येतो तो त्यामुळे. आकाराने आणि वजनाने तो विटेच्या जवळपास जातो.

आता ही वीज येणार कुठून? आमच्या भागात वीज नुसती आहे म्हणून चालत नाही, ती किती वेळ आहे हेही पाहावे लागते. मध्यमवर्गीयाच्या घरात इन्व्हर्टर असतो, त्याला बहुधा १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी. कागदावर हिशेब १,८०० वॅट-तासांचा; जुन्यापान्या बॅटरीतून त्यातले हजार-बाराशेच हाती लागतात. जुन्या पद्धतीचे दोन पंखे आणि दोन दिवे मिळून एकशे नव्वद वॅट धरले, तर घर सहा तास निघते. त्यात सडपातळ लॅपटॉप लावला तर पाच तास. गेमिंगचे यंत्र पूर्ण जोमाने चालू केले तर तीनच तास. म्हणजे दोन-अडीच पंख्यांचा पाहुणा घरात आणल्यासारखे झाले. बिलाची भीती त्यात नाही, दिवसाला अर्धा-पाऊण युनिट एवढाच मामला आहे. पण वीज गेल्यावर आजोबांचा पंखा बंद करायचा की खेळ, हा प्रश्न रोज सोडवत बसावे लागते.

बरे, यंत्राला स्वतःची बॅटरी असतेच की, असे कोणी म्हणेल. असते. पण बॅटरीवर गेमिंग यंत्र आपल्या ग्राफिक्सला पूर्ण वॅट देऊच शकत नाही. खेळ सावकाश होतो आणि तरीही तास-दीड तासात बॅटरी आटोपते. ज्या बळासाठी जास्तीचे पैसे मोजले, ते बळ भिंतीतल्या सॉकेटला बांधलेले असते. सडपातळ यंत्राचे तसे नाही. त्याचे जे काही बळ असेल ते एस.टी.च्या बाकावरही बरेचसे तेवढेच राहते, आणि साध्या कामात सहा-आठ तास टिकते.

धाराशिवच्या जुन्या मंडळींना येथे बार्शी लाइट रेल्वेची आठवण होईल. १८९७ साली बार्शीला आणि १९११ साली लातूरपर्यंत पोहोचलेली ही अडीच फुटी रुळांची गाडी येडशी, तेर, ढोकी करीत आपल्या जिल्ह्यातून जात असे. ती बांधणारा इंग्रज अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप याने आधी इंजिन ठरवून मग त्याच्या तोलाचा रूळ मागितला नाही. परवडेल असा हलका रूळ आधी धरला, कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही असा नेम केला, आणि त्या नेमात बसतील अशी इंजिने व डबे करवून घेतले. गाडीची थट्टा पुष्कळ झाली. पण पंढरीचे वारकरी आणि लातूरचा माल तिने पिढ्यान्‌पिढ्या वाहिला. १९५४ साली ती सरकारने घेतली, आणि रुंद रूळ आले ते या शतकाच्या पहिल्या दशकात. लॅपटॉप घेणाऱ्या गृहस्थाचा रूळ म्हणजे त्याच्या मुलीची खोली, त्या खोलीतले सॉकेट, तिचा खांदा आणि घरचे कर्ज. तो आधी मोजावा.

खांद्याचे सांगतो. नेहमीचे १५.६ इंची गेमिंग यंत्र सव्वादोन ते अडीच किलोचे, चार्जर वेगळा अर्ध्या किलोहून अधिक. मिळून तीन किलो सहज. सडपातळ यंत्र चौदा इंची, सव्वा ते दीड किलो, आणि त्याचा चार्जर कंपासपेटीएवढा. बहुतेकांना हल्ली यूएसबी-सी टोक असते, म्हणजे त्याच चार्जरवर मोबाइलही भरतो. वसतिगृहाच्या खोलीत चौघींत दोन सॉकेट असतात तेव्हा या गोष्टीची किंमत कळते. तीन किलो आणि दीड किलो हा फरक दुकानात हातात घेऊन कळत नाही. दुकानात आपण अर्धा मिनिट उचलतो. वरच्या घरातल्या माउलीने त्यावर नामी तोड काढली. मुलगी सुटीला आली होती. तिच्या कॉलेजच्या पिशवीत वह्या-पुस्तके होतीच, त्यांच्यावर आईने तीन किलो ज्वारी बांधून ठेवली आणि ती पिशवी चिरंजीवांच्या पाठीवर दिली. "आज शाळेत, शिकवणीला आणि परत, सगळीकडं ही घेऊन जा," एवढेच म्हणाली. संध्याकाळी चिरंजीवांनी पिशवी दारातच टाकली आणि वजनाचा मुद्दा प्रथमच चर्चेला घेतला गेला. जड यंत्राची खरी भीती ही आहे की, मुलगी ते दोन आठवडे नेते, मग खोलीवर ठेवते, आणि वर्गात पुन्हा वही-पेन्सिल घेऊन बसते. दिवाळीच्या सुटीत ते घरी येते आणि घरीच राहते. मग ते कोणासाठी घेतले होते ते उघड होते.

उन्हाळाही विचारात घ्यायला हवा. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपत्रकात यंत्र चालवण्याची हवा ३५ अंशांपर्यंत सांगितलेली असते. बालाघाटाच्या माथ्यावर असल्यामुळे धाराशिवची रात्र निवते खरी, पण वैशाखातल्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो. पंख्याने ओढायची हवाच तापलेली असेल तर यंत्र निवणार कसे? ते जळत नाही, शहाणे असते; उष्णता वाढली की आपला वेग आपणच कमी करते. दीडशे वॅटची उष्णता काढणाऱ्याला हे सारखे करावे लागते, पंधरा-वीस वॅटवाल्याला क्वचित. शिवाय गेमिंग यंत्राचे पंखे मोठ्याने घोंगावतात. परीक्षेच्या आदल्या रात्री खोलीतल्या दुसऱ्या मुलीला त्यावर काय वाटते, ते ज्याचे त्याने विचारून पाहावे.

येथे चिरंजीव हुकमाचे पान टाकतात. म्हणतात, "मग लहान गेमिंग लॅपटॉप घेऊ की! चौदा इंची, वजनाला हलका आणि ताकदीला भारी." अशी यंत्रे खरोखर आहेत. दीड-पावणेदोन किलोत गेमिंगचे सगळे अवयव बसवलेले असतात, आणि कारागिरी म्हणून ती पाहण्यासारखी असते. पण उष्णतेला दाटीवाटीची जागा मानवत नाही. तेवढेच वॅट लहान डब्यात कोंबले तर डबा तापतो. म्हणून कारखानदार दोहोंपैकी एक करतो. एक तर महागडे धातू, चांगले पंखे वापरून किंमत लाखाच्या बरीच पुढे नेतो. नाही तर ग्राफिक्सचे वॅट गुपचूप कमी करतो आणि नाव तेच ठेवतो.

हे नाव तेच ठेवण्याचे प्रकरण नीट समजून घेण्यासारखे आहे. एनव्हिडियाचा आरटीएक्स ४०५० हा लॅपटॉपचा ग्राफिक्स प्रोसेसर घ्या. कंपनीच्याच माहितीनुसार तो ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही वॅटवर बसवता येतो. डब्यावर दोन्हीकडे नाव एकच, चिकटवलेले लेबल एकच, पण एकाला दुसऱ्याच्या तिप्पट खुराक. मग थोरल्या नावाचा पण उपाशी ठेवलेला प्रोसेसर धाकट्या नावाच्या पोटभर खाणाऱ्यापेक्षा मागे पडू शकतो. प्रोसेसरचेही असेच. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीत नावाच्या शेवटी यू असेल तर तो बहुधा १५ वॅटचा, एच असेल तर ४५चा, एचएक्स असेल तर ५५चा धरलेला. 'आय-सात आहे' एवढे सांगून विक्रेता गप्प बसला, तर त्याने आडनाव सांगितले आणि नाव सांगितलेच नाही असे समजावे.

आपल्या जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांची कथा सर्वांना ठाऊक आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने विचारले, काका, यातली कच्ची मडकी कोणती आणि पक्की कोणती? काकांनी थापटणे घेतले आणि एकेकाच्या डोक्यावर हाणून पाहिले. नामदेव तेवढे कच्चे निघाले, आणि मग त्यांना गुरू करावा लागला. मडके बाहेरून सारखेच दिसते, म्हणून थापटणे लागते. लॅपटॉपच्या बाबतीत हे थापटणे म्हणजे चार्जर. दुकानात गेल्यावर यंत्राकडे पाहू नये, आधी चार्जर मागावा आणि तो उलटा करावा. पाठीवर बारीक अक्षरात 'आउटपुट' म्हणून व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. दोहोंचा गुणाकार म्हणजे वॅट. २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर म्हणजे ६५ वॅट, १९.५ व्होल्ट, ९.२३ अँपिअर म्हणजे १८० वॅट. गेमिंगच्या थाटाच्या यंत्राला लहानसा चार्जर असेल तर त्याला पोटभर मिळत नाही हे ओळखावे. ग्राफिक्सला नेमके किती मिळतात हे पाहायचे असेल तर कंपनीच्या माहितीपत्रकात 'टीजीपी' या अक्षरांपुढचा आकडा शोधावा. तो आकडा लपवला असेल, तर लपवण्यासारखाच असतो असे माझे मत आहे.

सडपातळ यंत्रांतही कच्ची मडकी पुष्कळ निघतात, हे सांगायला हवे, नाही तर मी एकाच बाजूचा वकील ठरेन. सर्वांत मोठी खोट स्मृतीची, म्हणजे रॅमची. ८ जीबीवर आज काम निघते, चौथ्या वर्षाला निघणार नाही; आणि सडपातळ यंत्रात रॅम पुष्कळदा मूळ पाटीवरच डाखलेली असते, मागाहून वाढवता येत नाही. गेमिंग यंत्रात बहुधा दोन खाचा असतात, तिथे पुढे वाढवता येते; हा त्याचा खरा गुण आहे आणि चिरंजीवांनी तो नेमका सांगितला नव्हता. सडपातळ घ्यायचे तर १६ जीबी पहिल्या दिवशीच घ्यावी, त्यासाठी रंग, दिवे, पातळपणा यांवर पाणी सोडावे लागले तरी सोडावे. अर्ध्या किमतीत जुने यंत्र मिळत असेल, तर त्यावर विंडोज ११ चालते की नाही ते पाहावे. विंडोज १०ची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली आहे.

मग गेमिंग यंत्र घ्यावे तरी कोणी? ज्याचे पोट त्यावर आहे त्याने. तुळजापूरला किंवा उमरग्याला लग्नाच्या चित्रफिती जोडून देणारा तरुण असेल, त्याला ग्राफिक्सचे वॅट म्हणजे थेट मजुरी आहे. जे काम सडपातळ यंत्र रात्रभर कण्हत करील, ते हे बरेच आधी उरकते, आणि लग्नसराईत वेळेलाच दाम असतो. त्याने डोळे झाकून गेमिंगचे घ्यावे, आणि लहान नव्हे, चांगले ऐसपैस घ्यावे; ते टेबलावरच राहणार आहे, मग कोंडमाऱ्याला जास्तीचे पैसे कशाला? इमारतींचे त्रिमिती आराखडे करणारा स्थापत्यशास्त्राचा विद्यार्थी, ॲनिमेशन शिकणारी मुलगी, यांनाही त्याची गरज पडते. लहान गेमिंग यंत्र ज्यांना खरोखर शोभेल असे लोक थोडे: ज्यांना बळही हवे, रोजचा प्रवासही आहे, आणि पैशाची विवंचना नाही.

संगणक अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला मात्र सी, जावा, पायथन शिकतात. ते सडपातळ यंत्रावर उत्तम चालते. पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यास आला तरी जड गणिते गूगल कोलॅबसारख्या ठिकाणी, दूरच्या संगणकावर मर्यादेत का होईना फुकट करता येतात. धाराशिवच्या तेरणा कॉलेजातल्या यंत्रविभागातल्या मुलाला आराखड्याचे जड काम असेल, तर त्याने प्रवेशाआधी एवढेच विचारावे, प्रयोगशाळेतले संगणक मुलांना किती वेळ मिळतात? तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकणाऱ्याला खेड्यापाड्यांतून हिंडून नोंदी कराव्या लागतात; त्याच्या पाठीवर तीन किलो कोणी देऊ नयेत.

धाकट्या चिरंजीवांची बाजूही अगदीच वाऱ्यावर सोडता येत नाही. खेळावे असे त्यांना वाटते, यात गुन्हा नाही. आमच्या वेळी आम्ही विटीदांडूसाठी शाळा बुडवीत होतो. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट यांसारखे खेळ आजच्या चांगल्या सडपातळ यंत्रावर, दिखाऊपणा थोडा कमी केला तर, चालतात. ताई सुटीला आली की ते खेळावेत. आणि घरी कायमचे यंत्र हवेच असेल तर लॅपटॉपचा हट्ट कशाला? टेबलावर बसणारा डेस्कटॉप त्याच पैशात अधिक बळ देतो, उन्हाळ्यात नीट निवतो, आणि एकेक भाग मागाहून बदलता येतो. पण ती पुढची गोष्ट. सोसायटीचे एक कर्ज फिटू द्यावे. त्या घरी शेवटी साठ हजारांच्या आतला चौदा इंची, १६ जीबीचा लॅपटॉप ठरला, आणि उरलेले पैसे गृहस्थांनी सोसायटीतच परत भरले.

दुकानात जाणार असाल तर दोन किरकोळ गोष्टी. वॉरंटी घरपोच आहे की यंत्र घेऊन सोलापूर, लातूर किंवा पुण्याला खेटे घालायचे आहेत, हे पिनकोड सांगून आधीच विचारावे. आणि पिनकोड विचारताना मुलगी जिथे राहते तिथला सांगावा, आपल्या घरचा नव्हे. वॉरंटीत चार्जर धरला आहे का तेही पाहावे, कारण वसतिगृहात आधी तोच जातो. खोक्यावरचा क्रमांक, यंत्राच्या पाठीवरचा क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक एकच आहे ना, हे तिथल्या तिथे पडताळावे. आणि बिल मुलीच्या नावाने करून घ्यावे.